हार्डवेअर वॉलेट संगणकाला जोडताना

बिटकॉइन आपल्याकडे आहे म्हणजे नेमकं काय आहे? एक लांबलचक गुप्त आकडा. तो ज्याच्या हाती, पैसा त्याचा. या आकड्याला खासगी किल्ली म्हणतात. हार्डवेअर वॉलेट म्हणजे ती किल्ली पोटात सांभाळणारं, पेन ड्राइव्हएवढं यंत्र. ते संगणकाला जोडलं तरी किल्ली बाहेर येत नाही. संगणक व्यवहाराचा मजकूर पाठवतो, यंत्र आतल्या आत त्यावर सही करतं आणि तेवढी सही परत देतं. सही कशावर होते आहे, हे बघायचं काम मात्र आपलं.

पहिली काळजी खरेदीची. लेजर, ट्रेझर अशा कंपन्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून किंवा त्यांनी जाहीर केलेल्या विक्रेत्याकडूनच यंत्र घ्या. जुनं, कुणी वापरलेलं घेऊ नका. आपल्या भिवपुरीसारख्या गावी कुरियर उशिरा आलं तरी चालेल, पण खोक्यात आधीच लिहिलेले शब्द किंवा तयार पिन सापडला, तर ते यंत्र वापरायचंच नाही. न मागवता घरी आलेलं यंत्रही तसंच. २०२० मध्ये लेजरच्या ग्राहकांचे पत्ते फुटले आणि पुढच्या वर्षी काहींच्या घरी हुबेहूब दिसणारी बनावट यंत्रं पोचली.

आता संगणक. तो आपल्या घरचा असावा. सायबर कॅफेतला किंवा ऑफिसचा नको. विंडोज अद्ययावत करून घ्या. मग यंत्रासोबतचं अ‍ॅप उतरवायचं, आणि इथेच बरेच जण फसतात. गूगलवर शोधून वरच्या जाहिरातीवर टिचकी मारू नका. खोक्यातल्या माहितीपत्रकावरचा पत्ता हाताने टाइप करा. नावाजलेल्या स्टोअरवरही आंधळा विश्वास नको. २०२३ च्या नोव्हेंबरात मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरमध्ये लेजरचं बनावट अ‍ॅप शिरलं होतं आणि लोकांचे लाखो डॉलर गेले.

मग केबल. यंत्राचा दिवा लागतो, पण संगणकाला ते दिसतच नाही, ही नेहमीची तक्रार. बहुतेक वेळा केबल फक्त चार्जिंगची असते, तिच्यातून माहिती जात नाही. सोबत आलेली केबल घ्या आणि मधे हब न लावता थेट लॅपटॉपला जोडा. अ‍ॅप यंत्र खरं असल्याची तपासणी करतं, ती पूर्ण होऊ द्या. यंत्रातलं मूळ सॉफ्टवेअर, म्हणजे फर्मवेअर, बदलायला सांगितलं तर लॅपटॉपची बॅटरी आधी भरून घ्या. पावसाळ्यात आपल्याकडे लाइट कधी जाईल सांगता येत नाही आणि हे काम अर्धवट थांबू नये.

पिन यंत्रावरच ठरवा. लेजरवर तो लागोपाठ तीनदा चुकला की यंत्र स्वतःला कोरं करतं. घाबरू नका, पैसे जात नाहीत. पुढच्या पायरीतले शब्द हाताशी असले की सगळं परत येतं.

ती पायरी सर्वांत मोलाची. यंत्र स्वतःच्या पडद्यावर इंग्रजीतले, बहुधा १२ किंवा २४, शब्द दाखवतं. हे रिकव्हरीचे शब्द, म्हणजे किल्ली पुन्हा उभी करण्याची खूण. ते २,०४८ शब्दांच्या ठरलेल्या यादीतून येतात आणि त्यांचा क्रमही महत्त्वाचा असतो. स्वच्छ अक्षरात, क्रमांक घालून कागदावर लिहा. मोबाइलवर फोटो नको, स्वतःला व्हॉट्सअ‍ॅप नको, संगणकात तर नकोच. एक प्रत दुसऱ्या गावी, विश्वासाच्या जागी ठेवा. २०१९ च्या जुलैत उल्हास नदीच्या पुराने वांगणीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस अडवून धरली होती. त्या पाण्यापुढे कागदाचं काय? शब्द कोरायच्या स्टीलच्या पट्ट्या मिळतात. आपल्या भागातल्या दमट हवेत त्यांवर केलेला खर्च मला तरी योग्य वाटतो.

आता थोडीशीच रक्कम मागवा. पत्ता संगणकावर दिसेल तो आणि यंत्राच्या पडद्यावर दिसेल तो अक्षर न् अक्षर जुळवा. कॉपी केलेला पत्ता गुपचूप बदलणारे व्हायरस असतात, म्हणून नुसती पहिली-शेवटची चार अक्षरं बघून थांबू नका. मग यंत्र मुद्दाम कोरं करून कागदावरच्या शब्दांवरून परत उभं करा. रक्कम दिसली, तरच मोठी रक्कम हलवा. ही चाचणी फार थोडे लोक करतात, आणि शब्द लिहिताना झालेली चूक नंतर दुरुस्त होत नाही.

पाठवतानाही तोच नियम. १८ जुलै २०२४ रोजी वझीरएक्स या भारतीय एक्स्चेंजमधून सुमारे २३ कोटी डॉलरची क्रिप्टो चोरीला गेली. सही करणाऱ्या त्यांच्या माणसांकडे हार्डवेअर वॉलेट होती. कंपनीच्या म्हणण्यानुसार संगणकाच्या पडद्यावर एक व्यवहार दिसत होता आणि सही झाली वेगळ्यावरच. यंत्रावर अर्थ न लागणारा मजकूर आला, तर होकाराचं बटण दाबू नका. व्यवहार रद्द करा.

काम झालं की केबल काढून ठेवा. एक लक्षात असू द्या: कुठलीही कंपनी फोनवर, मेलवर किंवा अ‍ॅपमध्ये रिकव्हरीचे शब्द मागत नाही. जो मागतो तो चोर. शब्द कुणाला दिले गेलेच, तर उरलेली रक्कम लगेच नव्या शब्दांच्या वॉलेटमध्ये हलवा आणि १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.