लघुपट करताना (भाग ६) : टॉवेल खुर्चीवरच राहिलाय

मागच्या आठवड्यात आपण पाच मिनिटांच्या पटकथेचा आराखडा पाहिला. या वेळी विषय थरारपटाचा, कारण पहिला लघुपट करायला बसलेल्या कॉलेजच्या गटाला बहुतेक वेळा हाच प्रकार सुचतो. त्यात काही गैर नाही. थरारपटाला गर्दी लागत नाही, सेट लागत नाही. दोन माणसं आणि एक बंद दार एवढ्यावर तो उभा राहतो. अडचण पुढे येते. हूडी घातलेली आकृती, लुकलुकणारी ट्यूबलाइट, आरशावर लाल अक्षरं, घुमणारं संगीत, आणि शेवटी दचकून जागा होणारा नायक. हे सगळं जमवूनही पाहणारा मोबाइल काढून बसतो. कारण हा झाला थरारपटाचा पोशाख. त्याचा कणा आहे तो माहितीच्या वाटपात: कोणती गोष्ट कुणाला ठाऊक आहे, कुणाला नाही, आणि ती कधी उघड होते. आणि या वाटपाला एक रुपयाही खर्च येत नाही.

पोलंडमधल्या वूच शहरात एक नावाजलेली फिल्म स्कूल आहे. रोमान पोलान्स्की तिथे शिकत असताना, १९५७ साली, त्यानं दोन अगदी छोटे मूकपट केले. दोन्ही जेमतेम दोनेक मिनिटांचे. पहिल्याचं नाव ‘मर्डर’. दार उघडतं, एक माणूस आत येतो, झोपलेल्या माणसाच्या छातीत चाकू खुपसतो आणि निघून जातो. संपलं. दृश्य अंगावर येतं, पण जीव टांगणीला लागत नाही. आपल्याला आधी काहीच ठाऊक नव्हतं, त्यामुळे वाट पाहायलाही काही नव्हतं. दुसरा ‘टीथ स्माइल’. जिन्याशी एक माणूस बाथरूमच्या उजळलेल्या खिडकीतून आत अंघोळ करणाऱ्या बाईकडे चोरून पाहतोय. तेवढ्यात तिचा नवरा दुधाच्या बाटल्या ठेवायला बाहेर येतो. हा साळसूदपणे बाजूला होतो. नवरा आत गेल्यावर परत खिडकीशी येतो, तर आता आत नवरा दात घासत उभा! चाकू नाही, रक्त नाही. तरीही मधले काही क्षण आपण श्वास रोखतो, कारण त्या माणसाचं गुपित आपल्याला कळलंय आणि नवऱ्याला कळलेलं नाही.

मला विचाराल तर थरारपट करू पाहणाऱ्या प्रत्येक गटानं हे दोन मूकपट लागोपाठ पाहावेत. हिचकॉकनं त्रुफोला दिलेल्या प्रदीर्घ मुलाखतीत टेबलाखालच्या बॉम्बचं जे प्रसिद्ध उदाहरण दिलं, त्याचा गाभा हाच: बॉम्ब अचानक फुटला तर पंधरा सेकंदांचा धक्का, प्रेक्षकाला तो आधी दाखवला तर पंधरा मिनिटांचा ताण.

आता हे आपल्या हाताशी असलेल्या सामग्रीत बसवून पाहू. समजा, भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या दोन मुली, पूर्वा आणि स्नेहल. स्नेहलच्या मोबाइलमध्ये एक फोटो आहे, तो पूर्वाला काहीही करून डिलीट करायचाय. फोटो कसला, हे आत्ता सांगायचं नाही. स्नेहल अंघोळीला जाते. पूर्वा कॉलेजला गेली अशी तिची समजूत. कॅमेरा स्नेहलच्या मागे जात नाही, खोलीतच थांबतो: टेबलावर चार्जिंगला लावलेला फोन आणि खुर्चीच्या पाठीवर वाळत घातलेला टॉवेल. हा शॉट पूर्ण तीन सेकंद ठेवा. टॉवेलचा क्लोजअप घेऊ नका. फ्रेमच्या कडेला तो दिसला की पुरे. नजर पोचली की प्रेक्षक त्याची नोंद घेतोच.

बाथरूममधून बादलीत पाणी पडण्याचा आवाज येतो. पूर्वा दार ढकलून आत येते, दार किंचित कुरकुरतं. ती थबकते, पाणी चालूच आहे, ती फोनकडे वळते. बादली भरताना आवाज कसा बदलतो ते आपल्या सगळ्यांच्या कानात पक्कं बसलंय: आधी रिकाम्या प्लॅस्टिकवरचा खडखडाट, मग घुमणारा आवाज, मग हळूहळू चढत जाणारा सूर. बादली काठोकाठ आली हे बघावं लागत नाही. थरारपटात मुदत लागते, घड्याळ लागतं, ते इथे बादलीच्या रूपानं मिळालं. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा दाखवायची गरजच नाही.

पूर्वा पासवर्ड टाकते, चुकतो. पुन्हा टाकते. सूर चढतोय. नळ बंद होतो. शांतता. पूर्वाचे खांदे सैल पडतात, तिला वाटतं, चला, अंघोळ सुरू झाली, आता दहा मिनिटं आपली. प्रेक्षकाच्या पोटात मात्र गोळा येतो, कारण टॉवेल खुर्चीवरच आहे आणि त्यासाठी स्नेहल आत्ता दार उघडणार. शांतता एकच, पण पूर्वासाठी ती सुटका आणि पाहणाऱ्यासाठी धोक्याची घंटा. असा एक क्षण तुमच्या लघुपटात साधला की ट्यूबलाइट लुकलुकवायची गरज उरत नाही.

एकाच्या माहितीनं दुसऱ्याला कोंडीत पकडण्याचं याहून पक्कं उदाहरण हवं असेल तर ऑलिव्हिए त्रेनेचा ‘लाकोर्दर’ हा २०१० सालचा फ्रेंच लघुपट पाहा, पंधरा मिनिटांच्या आतला. पियानो दुरुस्त करणारा एक तरुण आंधळ्याचं सोंग घेऊन घरोघर जातो. एका घरात शिरतो तर सोफ्यावर प्रेत. आंधळ्याला प्रेत दिसत नसतं, त्यामुळे त्याला दचकताही येत नाही! ओरडणं, पळणं, हे थरारपटाच्या नायकाचे हमखास मार्ग एका सोंगानं बंद होतात. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून शिकलेल्या श्रीराम राघवन यांनी याच लघुपटावरून स्फूर्ती घेऊन २०१८ साली ‘अंधाधुन’ केला, तोही पुण्यात घडणारा. दोन्ही एकापाठोपाठ पाहा. पूर्ण लांबीच्या चित्रपटानं कथा किती फांद्यांनी वाढवली, आणि मूळ पेच मात्र जसाच्या तसा कसा जपला, हे लक्षात येईल.

पैशांबद्दल थोडं. ख्रिस्तोफर नोलनचा पहिला चित्रपट ‘फॉलोइंग’ (१९९८) मित्रांच्या आणि घरच्यांच्या घरांत, सुट्टीच्या दिवशी, जवळपास वर्षभर चित्रित होत होता. फिल्म महाग, म्हणून तालमी भरपूर आणि टेक एक किंवा दोन. खिडकीतून येणारा उजेड, कृष्णधवल चित्रण. तुमच्याकडे फिल्मचा खर्च नाही, टेक कितीही घेता येतात. म्हणून तालीम टाळू नका. पासवर्ड चुकतो तेव्हा पूर्वाचा अंगठा कसा थरथरतो, हे तालमीतच सापडतं.

आणि एक कळकळीची सूचना. खोटं पिस्तूल किंवा सुरा घेऊन रस्त्यावर, पार्किंगमध्ये, सोसायटीच्या जिन्यात चित्रीकरण करू नका. करायचंच असेल तर आधी पोलीस ठाण्यात आणि सोसायटीत कळवून, परवानगी घेऊन करा. लांबून पाहणाऱ्याला ते खोटं आहे हे कळत नाही.

संगीताचा मोह सगळ्यात शेवटी आवरावा लागतो. इंटरनेटवरून उतरवलेला घुमणारा आवाज पहिल्या सेकंदापासून लावला की टॉवेलचं काम संगीत करायला लागतं, आणि वाईट करतं. हिचकॉकच्या ‘द बर्ड्स’मध्ये (१९६३) नेहमीचं पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच, ट्राउटोनियम नावाच्या विजेवरच्या वाद्यातून काढलेले पक्ष्यांचे आवाज त्याची जागा घेतात. तुमचा पहिला एडिट बिनसंगीताचा करा आणि गटाबाहेरच्या कुणाला तरी दाखवा. नळ बंद झाल्यावर तो पुढे झुकला नाही, तर टॉवेल नीट दिसलेला नाही. दोष तिथे शोधा.

राहिला शेवट. स्नेहल दार उघडून बाहेर येते आणि पूर्वा पकडली जाते, हा शेवट चालेल, पण तो प्रेक्षकानं आधीच ओळखलाय. मला दुसरा आवडतो. दार उघडत नाही. आतून फक्त हाक येते, “पूर्वा, टॉवेल दे गं जरा.” म्हणजे ती घरात आहे हे स्नेहलला ठाऊक होतं. कधीपासून? दार कुरकुरलं तेव्हापासून. प्रेक्षकानं तो आवाज ऐकला होता, फक्त तो पूर्वाच्या बाजूनं ऐकला. म्हणून कलाटणी प्रामाणिक ठरते: काही लपवलेलं नाही, सगळं समोर होतं. हे वाक्य स्नेहलनं रागानं म्हणू नये, रोजच्या सुरात म्हणावं. आणि ते नंतर खोलीत बसून डब करू नका. मुलीला खरोखर बाथरूममध्ये उभी करा, दार लावा आणि माइक बाहेर ठेवून रेकॉर्ड करा. बंद दारामागून येणारा आवाज खोटा ठरतो तो कशानं, तिथून पुढच्या आठवड्यात ध्वनीचा भाग सुरू करू.