एकाच रांगेतली दोन माणसं

आमच्या कॉलेजातल्या रेड रिबन क्लबचं काम माझ्याकडे आलं ते सेवाज्येष्ठतेनं, आवडीनं नव्हे. त्या निमित्तानं एआरटी केंद्रात जाणं-येणं सुरू झालं आणि दोघांशी ओळख झाली. नावगाव अर्थातच सांगत नाही.

एक काका, साठी ओलांडलेले. २००३ मध्ये एचआयव्ही असल्याचं कळलं, तेव्हा औषध विकत घ्यावं लागे. आधी सोसायटीचं कर्ज झालं, मग काकूंच्या पाटल्या गेल्या. १ एप्रिल २००४ पासून सरकारनं मोफत औषध सुरू केलं; पहिल्या टप्प्यात कर्नाटक, महाराष्ट्र दोन्ही राज्यं होती. "तवा वाटलं हुतं, पोराचं लगीन बघत न्हाई. आता नातवाला शाळंत सोडतोय सर," ते म्हणाले. आता त्यांना शुगर आहे, बीपी आहे, गुडघे दुखतात. एचआयव्हीसह वय वाढलं की हृदयाचे, हाडांचे विकार लवकर गाठतात, असं डॉक्टर सांगतात. "त्या एका गोळीचं काय न्हाई, ह्या बाकीच्यांचाच ताप."

दुसरी चोवीस वर्षांची मुलगी. जन्मतःच लागण, आईवडील लहानपणीच गेले. आजीनं 'रक्ताची गोळी' म्हणून औषध दिलं. आजीला फक्त मराठी वाचता येई, नातीची शाळा कन्नड. बाराव्या वर्षी दवाखान्याच्या खिडकीवरची कन्नड पाटी तिनं वाचली. आजीला काहीच बोलली नाही. दोघी एकमेकींपासून तेच लपवत राहिल्या!

आज तिच्या रक्तात विषाणू तपासणीत सापडत नाही. औषध नियमित चालू राहिलं तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही, निरोगी मूलही होऊ शकतं. पण बघायला आलेल्या पाहुण्यांना हे कोण सांगणार? तीन स्थळं तिनंच काहीबाही कारण काढून नाकारली. हॉस्टेलवर गोळ्यांच्या डबीत कापूस घालून ठेवते, आवाज होऊ नये म्हणून. संमतीशिवाय कुणाची माहिती उघड करायची नाही, नोकरी नाकारायची नाही, असा २०१७ चा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. चांगला आहे, पण कांदेपोह्यांच्या बैठकीत तो कुणाच्या कामाचा?

तरुणांना हे सोपं जात असेल, असा माझा समज होता. तो चुकीचा निघाला. काकांचा संसार होऊन गेलाय, हिचा मांडायचाय.

परवा रांगेत काकांनी तिला विचारलं, "किती वर्सं झाली, बाळ?"

"चोवीस."

काकांनी बोटं मोजली. "मग तू माझी सीनियर की गं!"

ती हसली. काकांनी सरकून तिला पुढं जागा दिली.