देशाच्या आधी उघडलेलं दुकान

१९५६ सालची दुबई डोळ्यांपुढे आणा. खाडीच्या दोन काठांवर वसलेलं व्यापारी गाव. विमानतळ व्हायचा होता १९६० मध्ये, सार्वजनिक वीज यायची होती १९६१ मध्ये आणि तेल सापडायला तर आणखी दहा वर्षं होती. अशा गावात जशनमल या पेढीने दुकान थाटलं. पुस्तकं, वर्तमानपत्रं, घरगुती उपकरणं, प्रवासी बॅगा, सगळं एका छपराखाली विकणारी ही पेढी. संयुक्त अरब अमिराती हा देश जन्मला २ डिसेंबर १९७१ ला. म्हणजे दुकान देशापेक्षा पंधरा वर्षांनी थोरलं!

पेढी तर त्याहूनही जुनी. तिचा जन्म दुबईत नाही, भारतातही नाही. इराकच्या बसरा बंदरात, १९१९ साली. तिचे संस्थापक रावसाहेब जशनमल हे सिंधी व्यापारी. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यातच होता. पण माणूस थेट बसऱ्यात कसा पोचला? पहिल्या महायुद्धात, नोव्हेंबर १९१४ मध्ये, मुंबईहून निघालेल्या हिंदी फौजेने बसरा घेतलं. त्या मोहिमेत मराठा पलटणीही होत्या. पुढे इराकमधल्याच कूतच्या वेढ्यात त्यांनी उपासमार सोसली. फौजेमागून रुपया गेला आणि रुपयामागून दुकानदार.

पुढचा प्रवास आगबोटींच्या वाटेवरचा. ब्रिटिश इंडिया कंपनीच्या बोटी मुंबईहून कराची, मस्कत, दुबई, बहरीन, कुवेत करत बसऱ्याला जात. पेढी याच वाटेने उलटी खाली सरकत आली: १९३४ मध्ये कुवेत, मग बहरीन, १९५६ मध्ये दुबई, १९६४ मध्ये अबुधाबी. याच ब्रिटिश इंडिया कंपनीच्या ‘दुमरा’ बोटीने मुंबईहून निघालेला केरळचा एक तरुण १९७३ च्या ३१ डिसेंबरला दुबईत उतरला. तो एम. ए. युसुफ अली, आज ‘लुलू’ची हायपरमार्केटं त्याची. आपले मराठी दातार मात्र बरेच उशिरा आले. वायुसेनेतून निवृत्त झालेल्या महादेव दातारांनी १९८४ मध्ये बर दुबईत किराणा दुकान टाकलं आणि मुलगा धनंजय याने त्याची ‘अल अदील’ ही दुकानांची साखळी केली.

मला सगळ्यात नवल वाटतं ते त्या काळच्या गल्ल्याचं. १९५६ च्या दुबईत गल्ल्यात पडत होता भारताचा रुपया, भारतात चालणाराच! स्वातंत्र्याला नऊ वर्षं होऊन गेली तरी आखाताचा बाजार रिझर्व्ह बँकेच्या नोटांवर चालला होता. या व्यवस्थेत एक भोक होतं. मुंबईहून चोरून नेलेल्या नोटांवर आखातात सोनं घ्यायचं, ते सोनं चोरून मुंबईत उतरवायचं. तिकडच्या बँकांत जमलेल्या नोटा मात्र रिझर्व्ह बँकेकडे परत येत आणि त्यांच्या बदल्यात तिला परकीय चलन, म्हणजे स्टर्लिंग, मोजावं लागे. सोनं तस्करांचं, तोटा देशाचा.

म्हणून १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने खास आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या. छापल्या कुठे? आपल्या नाशिक रोडला. त्या भारतात चालत नसत; किंमत मात्र आपल्या रुपयाइतकीच. आणि तिथेच घात झाला. ६ जून १९६६ ला दिल्लीने अवमूल्यन केलं, डॉलर ४ रुपये ७६ पैशांवरून साडेसात रुपयांना गेला आणि दुबईच्या दुकानदाराच्या गल्ल्यातल्या रोकडीची किंमतही, त्याचा काही संबंध नसताना, एका रात्रीत घटली. दुबईने रुपयाला रामराम ठोकला. आधी रियाल आला, मग १९७३ मध्ये दिरहम.

तुमच्या घरी कुणी त्या काळी आखातात राहून आलं असेल, तर जुन्या पेटीतल्या नोटा एकदा पाहाच. रंग नेहमीपेक्षा निराळा आणि क्रमांकाआधी इंग्रजी झेड असेल, तर ती नोट मुळीच विकू नका.