गार्नेट खरं बोलतो, पण कुठल्या वेळेबद्दल?

पुण्यात कुठेही खोदलं तरी बेसाल्टच लागतो. त्यामुळे ग्रॅन्युलाइटसारखा खडक आपल्यापैकी बहुतेकांना आधी पुस्तकात भेटतो आणि मग थेट फील्डवर. त्यासाठी विदर्भ गाठावा लागतो. महाराष्ट्र–मध्य प्रदेश सीमेवरचा भंडारा–बालाघाट ग्रॅन्युलाइट पट्टा म्हणजे एके काळी कवचात खोलवर तापलेला आणि आज उघडा पडलेला खडक.

तो किती तापला होता, हे कसं कळणार? खनिजांवरून. सोपं उदाहरण घेऊ. अँडालुसाइट, कायनाइट आणि सिलिमनाइट या तिघांचं रासायनिक सूत्र एकच, पण रचना वेगळी. तिघं एकत्र स्थिर राहतात तो बिंदू साधारण 500 अंश सेल्सिअस आणि 4 किलोबारच्या आसपास. जास्त दाबात कायनाइट, जास्त तापमानात सिलिमनाइट. म्हणजे नुसतं खनिज ओळखलं तरी नकाशातला अर्धा भाग बाद होतो.

पुढचा टप्पा आकड्यांचा. गार्नेट आणि बायोटाइट आपापसात लोह आणि मॅग्नेशियमची देवाणघेवाण करतात, आणि त्याचं प्रमाण तापमानावर ठरतं. मायक्रोप्रोबवर दोघांचं विश्लेषण करायचं, सूत्रात घालायचं, तापमान मिळतं.

इथेच बहुतेक जण फसतात. मीही फसले. माझा पहिला आकडा 640 अंश आला, आणि त्याच थिन सेक्शनमध्ये पूर्वी वितळल्याच्या खुणा होत्या! सूत्र बरोबर होतं, जागा चुकली होती. मी एकमेकांना चिकटलेल्या कडा मोजल्या होत्या. खडक थंड होतानाही ही देवाणघेवाण चालूच राहते, ती थांबते बऱ्याच खाली. शिवाय ग्रॅन्युलाइटमधलं बरंचसं बायोटाइट वितळलेला द्रव गोठताना नव्याने वाढलेलं असतं. म्हणजे माझा आकडा शिखराचा नव्हताच, उतरणीवरचा होता. तोच छापला असता तर 900 अंशांच्या खडकाला साधा खडक ठरवून मोकळी झाले असते, आणि त्यावर उभी केलेली पर्वतनिर्मितीची गोष्टही चुकली असती.

मग शिखर कुठे शोधायचं? सावकाश हलणाऱ्या मूलद्रव्यांत. ऑर्थोपायरॉक्सीनमधलं ॲल्युमिनियम किंवा गार्नेटच्या पोटात अडकलेल्या रुटाइलमधलं झिरकोनियम उष्णतेची आठवण जास्त टिकवतं. खनिजांची जोडीही बोलते. विशाखापट्टणम परिसरातल्या पूर्व घाटाच्या खडकांत सॅफिरिन आणि क्वार्ट्झ एकमेकांना लागून सापडतात, तेव्हा 900 अंशांच्या वरची, म्हणजे अति-उच्च तापमानाची शक्यता गंभीरपणे घ्यायची. स्पायनेल–क्वार्ट्झ जोडीबाबत मात्र जपून. स्पायनेलमध्ये जस्त असेल तर ही जोडी कमी तापमानालाही टिकते.

तेव्हा प्रोबचा स्लॉट मिळाला म्हणून लगेच पळू नका. आधी दोन-तीन दिवस मायक्रोस्कोपखाली बसा. कोण कोणाच्या पोटात आहे, कोण कोणाभोवती कडं करून वाढलंय, ते कागदावर काढा. आकडा नंतर. तो नेमका कुठल्या क्षणाचा, हे त्या चित्रावरूनच कळतं.