अंगठा वाकला, शस्त्रक्रिया कधी?

पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी आलेलं टेंगूळ म्हणजे निव्वळ वाढलेलं हाड नव्हे. अंगठ्यामागचं लांब हाड बाहेर सरकतं आणि अंगठा शेजारच्या बोटावर कलतो. पुढून रुंद चप्पल, मऊ पॅड यांनी दुखणं कमी होतं. वाकडेपणा जात नाही. म्हणून शस्त्रक्रियेचा निर्णय पाय कसा दिसतो यावर नको, चालताना किती दुखतं यावर घ्यावा. शस्त्रक्रियेत सहसा हाड कापून, सरळ करून स्क्रूने बसवतात. ते जुळायला साधारण ६ ते ८ आठवडे लागतात. सूज काही महिने राहते. जंतुसंसर्ग, बधिरपणा, सांधा आखडणं, दुसऱ्या बोटाखाली दुखणं, अंगठा पुन्हा वाकणं हे धोके असतात. मधुमेह किंवा धूम्रपानाची सवय असेल तर ते वाढतात. डॉक्टरांना आधीच सांगा.