एकच शेअर वीस वर्षे धरून ठेवला तर? विप्रो आणि येस बँकेचा हिशोब

वस्तीतल्या अभ्यासिकेत आणि वसतिगृहांत तरुणांशी बोलताना आम्हाला एक प्रश्न हल्ली वारंवार विचारला जातो. "पगारातून दरमहा थोडे पैसे उरतात. एखादा चांगला शेअर घेऊन वीस वर्षे तसाच ठेवला तर आयुष्य बदलेल ना?" या प्रश्नामागे बहुतेक वेळा मोबाईलवर आलेला एखादा मेसेज असतो: अमुक साली अमुक कंपनीत दहा हजार टाकले असते तर आज इतके कोटी झाले असते.

हा विषय आपल्यासाठी परका नाही. बडोद्याची नोकरी सोडून मुंबईत परतल्यावर बाबासाहेबांनी गुंतवणुकीविषयी सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला होता. ते अस्पृश्य आहेत हे कळल्यावर ग्राहक येईनासे झाले आणि तो बंद पडला. आज डिमॅट खाते मोबाईलवर उघडता येते, जात कोणी विचारत नाही. पण खाते उघडले म्हणजे हिशोब समजला असे होत नाही. तो हिशोब इथे मांडत आहोत.

अमळनेरची खरी गोष्ट

जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेरमध्ये 1945 साली वनस्पती तुपाची एक कंपनी सुरू झाली. तीच पुढे विप्रो झाली. 1980 मध्ये ज्याच्याकडे विप्रोचा 100 रुपये दर्शनी मूल्याचा एक शेअर होता आणि ज्याने तो विकला नाही, त्याच्याकडे बोनस व विभाजनामुळे 2010 पर्यंत 96,000 शेअर झाले. अमळनेरमध्ये पिढ्यान्‌पिढ्या हे शेअर सांभाळणारी कुटुंबे आहेत. ही गोष्ट खरी आहे, त्यात अतिशयोक्ती नाही.

पण याच शेअरची दुसरी गोष्ट मेसेजमध्ये येत नाही. फेब्रुवारी 2000 मध्ये सगळीकडे संगणक कंपन्यांची हवा होती. तेव्हा विप्रोचा भाव 9,000 रुपयांच्या पुढे गेला होता. पुढच्या दीड वर्षात तो 80 टक्क्यांहून अधिक कोसळला. कंपनी बुडाली नाही, उलट वाढत राहिली आणि नफाही कमावत राहिली. तरीही ज्याने त्या शिखरावर शेअर घेतला, त्याला पुढचे सगळे बोनस धरूनही तो भाव पुन्हा दिसायला सुमारे 20 वर्षे लागली. एका कुटुंबाच्या आयुष्यात 20 वर्षे म्हणजे मुलाचा जन्म ते त्याची पदवी.

म्हणजे कंपनी तीच, शेअर तोच, धीरही तितकाच, पण एकाचे भले झाले आणि दुसऱ्याचे पैसे अडकून पडले. फरक पडला तो कोणत्या वर्षी, कोणत्या भावाला घेतला याने.

तेरा वर्षांची कमाई, दोन वर्षांत गेली

विप्रो निदान टिकली. आता येस बँक बघू. 2005 मध्ये तिचा शेअर 45 रुपयांना विक्रीस आला. 2017 मध्ये एका शेअरचे पाच झाले, म्हणजे मूळ किंमत आजच्या हिशोबाने 9 रुपये. ऑगस्ट 2018 मध्ये भाव 400 च्या आसपास होता. 13 वर्षांत 40 पटींहून जास्त, म्हणजे वर्षाला सरासरी 33 टक्क्यांच्या आसपास. त्या दिवशी कोणी "दीर्घकालीन परतावा बघा" म्हणाले असते, तर आकडा खराच होता.

5 मार्च 2020 ला रिझर्व्ह बँकेने येस बँकेवर निर्बंध आणले. खातेदारांना 50,000 रुपयांपर्यंतच रक्कम काढता येऊ लागली. दुसऱ्या दिवशी शेअर काही काळ 6 रुपयांच्याही खाली गेला. नंतरच्या पुनर्रचनेत ज्यांच्याकडे 100 पेक्षा जास्त शेअर होते, त्यांचे 75 टक्के शेअर तीन वर्षांसाठी गोठवले गेले. घरात आजारपण असो की लग्न, ते विकता येत नव्हते. 2005 पासून न विकता थांबलेल्या माणसाचे पैसे 2024 पर्यंत जेमतेम दुपटीच्या थोडे वर होते. पोस्टातल्या पीपीएफने याहून जास्त दिले असते.

टक्क्यांची फसवणूक

भाव जोरात वरखाली होणाऱ्या शेअरमध्ये आणखी एक गोष्ट लपते. समजा, 100 रुपये एका वर्षी 50 टक्के वाढले आणि दुसऱ्या वर्षी 40 टक्के घसरले. सरासरी काढली तर वर्षाला 5 टक्के वाढ दिसते. प्रत्यक्षात 100 चे 150 झाले आणि 150 चे 90. म्हणजे 10 रुपये तोटा.

शेअर 50 टक्के पडला तर मूळ जागी यायला 100 टक्के वाढ लागते. 90 टक्के पडला तर दहापट व्हावे लागते. म्हणून "खूप पडलाय, आता स्वस्त आहे" हे कारण पुरेसे नाही.

दिसतात ते फक्त जिंकलेले

अमेरिकेतले प्राध्यापक हेंड्रिक बेसेम्बाइंडर यांनी तिथल्या 1926 ते 2016 या काळातल्या सुमारे 26,000 शेअरचा अभ्यास केला. दर सातपैकी चार शेअरनी आपल्या सबंध आयुष्यात सरकारच्या अल्पमुदतीच्या रोख्यांपेक्षाही कमी परतावा दिला. संपूर्ण बाजाराने रोख्यांपेक्षा जास्त जी संपत्ती निर्माण केली, ती सगळी फक्त 4 टक्के कंपन्यांमधून आली. बाजार वाढतो हे खरे आहे. पण डोळे मिटून उचललेला एक शेअर वाढेलच असे नाही, उलट न वाढण्याची शक्यता जास्त. बंद पडलेल्या कंपन्यांचे मेसेज कोणी फिरवत नाही, म्हणून आपल्याला फक्त विप्रोच आठवते.

धीर धरायला आधार लागतो

"घाबरू नका, विकू नका" हा सल्ला सगळ्यांना सारखाच दिला जातो, पण सगळ्यांची परिस्थिती सारखी नसते. ज्याच्या मागे शेती, वाडा, वडिलांची पेन्शन आहे, तो 80 टक्के घसरण बघूनही थांबू शकतो. आपल्यातला पहिल्या पिढीचा नोकरदार मात्र घराचा एकटा आधार असतो. बहिणीची फी, आईचे औषध, गावच्या घराचे पत्रे हे सगळे त्याच्याच पगारातून होते. बाजार पडतो तेव्हा अनेकदा नोकऱ्याही जातात. मग त्याला शेअर नेमका तळाला विकावा लागतो. त्याला आपण धीर नसलेला म्हणतो, पण त्याच्याकडे थांबण्याची सोयच नसते.

मग काय करावे?

आमचे म्हणणे शेअर बाजारापासून दूर राहा असे नाही. संपत्ती तयार होते त्या जागेपासून दूर राहणे आपल्याला परवडणारे नाही. क्रम मात्र महत्त्वाचा आहे.

- आधी किमान सहा महिन्यांचा घरखर्च बँकेत ठेवा. आरोग्य विमा आणि घर तुमच्यावर अवलंबून असेल तर मुदत विमा घ्या.
- कर्ज काढून, सोने गहाण ठेवून किंवा भिशीच्या पैशातून शेअर घेऊ नका.
- बाजारात जायचे तर एका कंपनीऐवजी अनेक कंपन्यांत जा. निफ्टीच्या इंडेक्स फंडात 50 कंपन्या असतात. जानेवारी 2009 मध्ये सत्यमला आणि मार्च 2020 मध्ये येस बँकेला निफ्टीतून काढून दुसरी कंपनी घेतली गेली. निफ्टीही पडतो, 2008 मध्ये तो निम्म्याहून अधिक पडला होता. पण एका कंपनीच्या घोटाळ्याने सगळी पुंजी जात नाही.
- एखाद्या कंपनीवर विश्वास असेलच, तर तिच्यात तेवढेच टाका जे शून्य झाले तरी घर चालेल. ज्या कंपनीत नोकरी करता तिच्या शेअरलाही हाच नियम लावा.

पुढच्या वेळी असा मेसेज आला तर पाठवणाऱ्याला दोनच प्रश्न विचारा. त्याच वर्षी बाजारात आलेल्या बाकीच्या कंपन्यांचे काय झाले? आणि शिखरावर ज्याने घेतला, त्याच्या हाती आज काय आहे?