बघितलं म्हणजे आलं?

‘आमच्या शाळेत नेट धड चालत नाही, मग ही ऑनलाइन साधनं काय कामाची?’ हा प्रश्न शिक्षकांच्या कोणत्याही बैठकीत निघतो आणि विषय तिथेच संपतो. वास्तविक नावात ऑनलाइन असलेली कितीतरी साधनं इंटरनेटशिवाय चालतात. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाच्या ‘फेट’ प्रकल्पातली विज्ञान-गणिताची सिम्युलेशन्स एकदा डाउनलोड केली की पुढे नेट लागत नाही. ‘दीक्षा’ या शालेय शिक्षणाच्या ॲपवरचा धडा घरी उतरवून वर्गात दाखवता येतो, दुसऱ्या फोनवर पाठवताही येतो. ‘स्वयंप्रभा’च्या शैक्षणिक वाहिन्यांना तर टीव्ही आणि डिश पुरते. गावात जिथे रेंज येते तिथे आठवड्यातून एकदा बसून कुणी पेनड्राइव्ह भरून आणला, तरी शाळेची सोय होते.

‘मराठीत काहीच नाही’ ही तक्रार मात्र अर्धी खरी आहे. आयआयटी आणि आयआयएससीच्या ‘एनपीटीईएल’वरची बहुतेक व्याख्यानं इंग्रजीत आहेत, आणि महाविद्यालयीन पातळीवरची ही उणीव बोचतेच. शालेय पातळीवर चित्र वेगळं आहे. बालभारतीची पाठ्यपुस्तकं पीडीएफ स्वरूपात मोफत मिळतात, मराठी विश्वकोश ऑनलाइन वाचता येतो, फेटची अनेक सिम्युलेशन्स मराठीत आहेत. आणि फारसं कुणी नाव घेत नाही असा एक खजिना म्हणजे आयआयटी मुंबईचे ‘स्पोकन ट्युटोरियल’. लिनक्स, लिब्रेऑफिस, पायथन अशा विषयांवरचे साधारण दहा-दहा मिनिटांचे हे पाठ मराठी आवाजात ऐकता येतात. पडद्यावरचे मेनू मात्र इंग्रजीतच ठेवले आहेत, कारण पुढे नोकरीत मुलांसमोर तेच मेनू येणार. मला हा निर्णय फार समंजस वाटतो.

पैशांबद्दल दोन टोकांचे समज आहेत. एक म्हणजे ‘फुकटचं ते हलकंच’. पण २०१७ साली सुरू झालेल्या, केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’ या ऑनलाइन मंचावरचे अभ्यासक्रम शिकायला मोफत आहेत, प्रमाणपत्र हवं असेल तरच परीक्षेची फी भरायची. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१च्या नियमांनुसार पदवीच्या एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय विद्यार्थ्यांना स्वयम्‌वरून करण्याची मुभा विद्यापीठं देऊ शकतात. दुसरा समज ‘नेटवर आहे म्हणजे सगळ्यांचं’. बालभारतीचं पुस्तक उतरवून वाचायला हरकत नाही, पण ते छापून विकणं हा हक्कभंग होतो. एनपीटीईएलचं साहित्य मात्र श्रेय देऊन, त्याच अटींवर पुन्हा वाटता येईल अशा खुल्या परवान्याखाली आहे. वापरण्याआधी परवाना वाचायला मिनिटभर लागतं.

पण सगळ्यांत जास्त नुकसान करणारा गैरसमज वेगळाच आहे. व्हिडिओ बघितला, समजलं, म्हणजे विषय आला. बघताना खरोखरच सगळं समजत असतं, म्हणून तर हा समज इतका पक्का बसतो. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग इथे पाहण्यासारखा आहे. त्यांनी विद्यार्थ्यांच्या एका गटाला एक उतारा चार वेळा वाचायला लावला. दुसऱ्या गटानं तो एकदाच वाचला आणि मग तीन वेळा, उतारा समोर नसताना, आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा चार वेळा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं घेतलेल्या चाचणीत त्यांना सुमारे ४० टक्के आठवलं, लिहून काढणाऱ्यांना ६१ टक्के. आणि आपल्याला पुढे जास्त आठवेल असा भरवसा कुणाला होता? चार वेळा वाचणाऱ्यांना.

म्हणून मुलाला तोच व्हिडिओ तिसऱ्यांदा दाखवण्यापेक्षा फोन बाजूला ठेवून ‘काय सांगितलं ते वहीत लिही’ म्हणणं कितीतरी फायद्याचं. स्पोकन ट्युटोरियलची पद्धत याच विचाराची आहे. पडद्याच्या एका बाजूला पाठ, दुसऱ्या बाजूला तेच सॉफ्टवेअर उघडलेलं. एक पायरी ऐकायची, थांबवायचं, आपण करून बघायची, मग पुढे.

‘संगणकावरचा प्रयोग खोटा, खऱ्या प्रयोगाची सर त्याला नाही,’ असं विज्ञानाचे जुने शिक्षक म्हणतात. खरी उपकरणं हाताळायलाच हवीत, यात वाद नाही. पण फेटचं विद्युत मंडलाचं सिम्युलेशन एकदा उघडून बघा. बॅटरी, वायर, बल्ब ओढून आणून जोडायचे. मंडल पूर्ण झालं की वायरमधून निळे इलेक्ट्रॉन सरकताना दिसतात. बल्ब वीज ‘खातो’, त्यामुळे बल्बच्या पुढच्या वायरमध्ये ती कमी उरते, असं पुष्कळ मुलांच्या मनात असतं. इथे बल्बच्या दोन्ही बाजूंना इलेक्ट्रॉन एकाच वेगानं जाताना दिसतात आणि मुलं थबकतात. बॅटरीची दोन टोकं नुसत्या वायरनं जोडली तर पडद्यावर ज्वाळा उठतात. ही चूक खऱ्या बॅटरीवर कुणी मुद्दाम करू देणार नाही. नोबेल मिळालेले भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ साली हा प्रकल्प सुरू केला. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या कोलोरॅडो विद्यापीठातल्याच अभ्यासात, सिम्युलेशनवर शिकलेल्या विद्यार्थ्यांनी पुढे खरं मंडल जोडण्यातही खऱ्या उपकरणांवर शिकलेल्यांपेक्षा चांगली कामगिरी केली.

‘प्रत्येक मुलाला टॅब दिला की काम झालं’ हा समज सरकारांनाही महागात पडला आहे. पेरू देशात खेड्यांतल्या शाळांतून मुलांना लॅपटॉप वाटले. ३१८ शाळांचा अभ्यास झाला तेव्हा पंधरा महिन्यांनंतरही गणितात आणि भाषेत फरक दिसला नाही. याउलट दिल्लीत सरकारी शाळांतल्या मुलांना शाळेनंतरच्या केंद्रात ‘माइंडस्पार्क’ हे सॉफ्टवेअर साडेचार महिने वापरायला मिळालं आणि त्यांची गणितातली प्रगती इतर मुलांच्या दुपटीहून अधिक झाली. इथलं सॉफ्टवेअर आधी मूल नेमकं कुठे आहे हे तपासायचं. सहावीतलं सरासरी मूल गणितात अडीच इयत्ता मागे होतं, आणि सॉफ्टवेअर त्याला तिथूनच उचलायचं. चाळीस मुलांच्या वर्गात एकट्या शिक्षकाला हे कसं साधणार? शिवाय दीड तासातला निम्मा वेळच पडद्यासमोर जायचा. उरलेला निम्मा वेळ साहाय्यक शिक्षक छोट्या गटांना शिकवायचे.

आता घरोघरी चॅटबॉट आला आहे. ‘शंका विचारतोय, म्हणजे शिकतोय’ असं पालकांना वाटतं. तुर्कस्तानात माध्यमिक शाळेतल्या जवळपास हजार मुलांवर याची परीक्षा झाली. सरावाच्या वेळी नेहमीचा चॅटबॉट हाताशी असलेल्या मुलांनी गणितं ४८ टक्के अधिक चांगली सोडवली. मग चॅटबॉट काढून घेऊन परीक्षा घेतली, तर ज्यांना तो कधी मिळालाच नव्हता त्यांच्यापेक्षा ही मुलं १७ टक्के मागे पडली. तिसऱ्या गटाला मिळालेला चॅटबॉट उत्तर देत नसे, फक्त पुढच्या पायरीचा इशारा देई. त्या गटाचं असं नुकसान झालं नाही. त्या चॅटबॉटला प्रत्येक गणिताचं बरोबर उत्तर आणि मुलं हमखास कुठे चुकतात ही माहिती आधीच पुरवलेली होती, आणि ती शिक्षकांकडून आली होती.